कुंभाराने नाकारलेले खापर

खानदेशातील जुन्या पेठांतून, मग ती पाचोऱ्याची असो वा भुसावळची, दुकानाच्या गादीमागे एक चित्र हमखास टांगलेले असे. चार भावंडे एका भिंतीवर बसलेली आहेत, भिंत चालते आहे आणि समोरून वाघावर आरूढ झालेले, हाती सापाचा आसूड घेतलेले चांगदेव येत आहेत. दिनदर्शिकेवर ते छापलेले असे आणि चित्राखाली ठळक अक्षरांत एखाद्या किराणा, कापड वा सराफी दुकानाचे नाव. दिवाळीत व्यापाऱ्याने ते ग्राहकांस भेट द्यावे आणि वर्ष सरले तरी ग्राहकाने चित्रापुरता कागद कापून चौकटीत बसवावा, अशी रीत. मराठी मुलखात संतकथांची चित्रे घरोघर पोचवण्याचे काम मंदिरांइतकेच व्यापाऱ्यांच्या या भेटींनीही केले.

या चित्रावर खानदेशाचा हक्क थोडा अधिक आहे. चांगदेवांचे मंदिर तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर आहे. भिंतीवर बसलेल्या भावंडांतील सर्वांत धाकटी मुक्ताबाई परंपरेनुसार शके १२१९ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९७ साली, वैशाख वद्य द्वादशीस याच तापीकाठी वीज कडाडली असता अंतर्धान पावली. एदलाबादचे नाव पुढे मुक्ताईनगर झाले ते तिच्यामुळे. आषाढी वारीत तिची पालखी येथून निघते आणि महिनाभर चालून पंढरपुरास पोचते.

तथापि याच भावंडांच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग असा आहे, की तो खानदेशाच्या स्वयंपाकघराशी थेट जोडलेला असूनही चित्रांतून पुरता उतरला नाही. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मांडे भाजायला खापर हवे, म्हणून मुक्ताबाई आळंदीच्या कुंभारवाड्यात गेली. कुंभाराने खापर दिले नाही. गावातील विसोबा नावाच्या प्रतिष्ठिताने कुंभारांना आधीच ताकीद देऊन ठेवली होती, की संन्याशाच्या या पोरांना काही देऊ नये. मुलगी रडत परतली. मग ज्ञानेश्वरांनी योगबलाने आपली पाठ तापवली आणि तिच्यावर मांडे भाजले गेले.

पुढचा भाग चित्रित झाला आहे. पाठीवर मांडे भाजणारी मुक्ताई हे दृश्य पुस्तकांतून व देवळांच्या भिंतींवरून पाहावयास मिळते. आधीचा भाग, म्हणजे कुंभाराच्या दारात रिकाम्या हातांनी उभी असलेली पोर, चित्रकारांनी सहसा वगळला. खरे पाहता कथेतील सारी वेदना तिथे आहे. आठ-दहा वर्षांची मुलगी, गावात विक्रीस मांडलेली वस्तू आणि ती तिला मिळणार नाही असे सांगणारा माणूस. या दृश्यात चमत्कार नाही, वाघ नाही, तेजोवलय नाही. कदाचित म्हणूनच ते दिनदर्शिकेवर शोभले नसावे.

खापर म्हणजे काय हे खानदेशात कोणाला सांगावे लागत नाही. आखाजी जवळ आली की पाचोऱ्यासारख्या गावांच्या आठवडे बाजारात घागरींच्या उतरंडीशेजारी खापरे मांडलेली दिसतात. घेणारी बाई ते उचलते, बोटाच्या पेराने टिचकी मारते, कान देऊन नाद ऐकते आणि बद्द वाजले तर खाली ठेवते. चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर हातांनी फिरवून मोठा केलेला पुरणाचा मांडा टाकायचा आणि आमरसासोबत खायचा, हा या भागातला सणाचा थाट. त्याच अक्षय तृतीयेला जैन घरांत वर्षीतपाची पारणी होतात, इक्षुरस दिला जातो आणि भगवान ऋषभदेवांना वर्षाहून अधिक काळ आहार कसा मिळाला नव्हता याचे स्मरण केले जाते. त्या कथेतील लोक दुष्ट नव्हते. मुनीला काय द्यावे हेच त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून ते रत्ने, घोडे पुढे करीत होते. आळंदीच्या कुंभाराला मात्र काय द्यावे हे पक्के ठाऊक होते. ते त्याच्या दारात मांडलेले होते.

या भावंडांचा अपराध तरी कोणता? वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आले, एवढाच. ब्रह्मवृंदाने आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि परंपरा म्हणते, की त्यांनी ते घेतले. मुलांनी शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे असे ठरले. पुढे त्याच मुलांतील एकाने १२९० मध्ये गीतेचा अर्थ लोकांच्या भाषेत सांगितला. मात्र त्यांना गावाबाहेर ठेवणारा निर्णय त्यापूर्वीच झाला होता आणि तो रोज अमलात आणण्याचे काम शास्त्री करीत नव्हते. शास्त्रीबोवा निर्णय देऊन घरी गेले. भिक्षा न वाढणारी गृहिणी, पाणवठ्यावर बाजूला सरणारा शेजारी आणि खापर न देणारा कुंभार, यांच्याखेरीज त्या निर्णयाला हातपाय नव्हते.

व्यापारी वाचकाने येथे एका नावाकडे लक्ष द्यावे. संतचरित्रांत या विसोबाचे आडनाव चाटी असे येते. जुन्या मराठीत चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. म्हणजे मुलीला खापर मिळू न देणारा मनुष्य पेठेतला होता. बाजारात कोणाचा शब्द चालतो, कोणता कुंभार कोणाच्या उधारीत आहे, कोणाला काय सांगितले म्हणजे पुरे होते, हे त्याला नेमके माहीत असणार. शास्त्रार्थ करण्याची त्याला गरज पडली नाही. पेठ बंद केली की वादच उरत नाही.

चित्रकला आणि तिच्यामागून आलेला चित्रपट यांनी छळाचे हे रूप बहुधा टाळले. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि त्यानंतर देवादिकांची रंगीत चित्रे सामान्य घरांत स्वस्तात येऊ लागली. घरात टांगावयाचे चित्र मंगल असावे लागते. सकाळी उदबत्ती ओवाळताना रडणारी मुलगी समोर नको, चालणारी भिंत हवी. यात चित्रकाराचा दोष फारसा नाही, कारण गिऱ्हाइकाचे मन तो ओळखतो. चित्रपटाने दुसरी वाट धरली. दामले आणि फत्तेलाल यांनी प्रभातसाठी १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ काढला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात तो गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. परंतु त्या चित्रपटात छळाचा सारा भार सालोमालो या एका मत्सरी पात्रावर टाकला आहे. तो हसवतो, चिडवतो, अखेरीस फजीत होतो आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. गाव निर्दोष ठरते. याच जोडीने १९४० मध्ये शाहू मोडक यांना घेऊन ‘संत ज्ञानेश्वर’ केला. तोही लोकांनी डोक्यावर घेतला.

हे चित्रपट थोर आहेत, याविषयी दुमत नसावे. तरीही एक खलनायक उभा केला, की बाकी साऱ्यांना मोकळे सुटता येते, ही त्यातली सोय नजरेआड करता येत नाही. आचार्य अत्रे यांचा ‘महात्मा फुले’ १९५४ सालचा, राष्ट्रपतींच्या रौप्यपदकाचा मानकरी. फुले दांपत्याच्या चरित्रातील शेण फेकणारे कर्मठ सर्वांच्या लक्षात राहतात. पण १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांना घराबाहेर पडावे लागले ते कोणा कर्मठाच्या दंडुक्यामुळे नव्हे. वडील गोविंदराव फुलांचा व भाजीपाल्याचा व्यवसाय करणारे, चार लोकांत वावरणारे गृहस्थ होते. मुलावर त्यांचे प्रेम होते. लोक काय म्हणतील, या धास्तीने त्यांनी दार दाखवले. शेण फेकणाऱ्याचे चित्र काढता येते. मुलावर प्रेम असूनही दार लावून घेणाऱ्या बापाचे चित्र काढायला फार मोठा चित्रकार लागतो.

असा एक चित्रकार युरोपात होऊन गेला. झाक-लुई दाविद यांनी १७८७ मध्ये सॉक्रेटिसाच्या मृत्यूचे चित्र रंगवले. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. अथेन्सच्या न्यायसभेने सॉक्रेटिसाला विषप्राशनाची शिक्षा दिली ती तरुणांना बिघडवतो आणि नगराचे देव मानीत नाही, या आरोपांवरून. चित्रात आरोप करणारे कोणी नाहीत, न्यायाधीशही नाहीत. तुरुंगातील मंचावर सॉक्रेटिस एक हात वर करून अजूनही काही समजावून सांगतो आहे, शिष्य शोकाने वाकले आहेत आणि तांबड्या वस्त्रातील एक तरुण सेवक विषाचा पेला त्याच्या हाती देतो आहे. त्या सेवकाने तोंड फिरवले आहे आणि दुसऱ्या हाताने डोळे झाकले आहेत. त्याला हे काम नको आहे, तरीही पेला पुढे केलेलाच आहे.

आळंदीचा कुंभार आणि हा सेवक एकाच जातकुळीचे. एकाने द्यायची वस्तू दिली नाही, दुसऱ्याने न द्यायची दिली. दोघांच्याही मनात द्वेष होता असे कथा म्हणत नाही. कुंभाराने कदाचित हलक्या आवाजात सांगितले असेल, की पोरी, माझ्या हातात काही नाही. छळाच्या इतिहासात हे वाक्य शापवाणीपेक्षा अधिक वेळा उच्चारले गेले असावे.

जैन वाचकास ही सारी परक्या घराची गोष्ट वाटण्याचे कारण नाही. श्वेतांबर प्रबंधग्रंथांत आचार्य सिद्धसेन दिवाकरांची कथा येते. कल्याणमंदिर स्तोत्र ज्यांच्या नावावर घरोघर म्हटले जाते तेच हे आचार्य. प्राकृतातील आगम संस्कृतात आणावेत असा विचार त्यांनी बोलून दाखवला आणि एवढ्यावरून त्यांना बारा वर्षे संघाबाहेर राहण्याचे प्रायश्चित्त मिळाले. ज्ञानेश्वरांनी संस्कृत लोकभाषेत आणले, सिद्धसेनांना लोकभाषेतून संस्कृतात न्यावयाचे होते. दिशा उलटी, परंतु भाषा बदलणाऱ्याविषयीची धास्ती मात्र सारखीच. येथेही लोकस्मृतीने उज्जैनचा चमत्कार जपला. बारा वर्षांची वणवण एका वाक्यात उरकली जाते. त्या वर्षांत कोणत्या गावाने त्यांना उतरू दिले आणि कोणत्या गावाने दिले नाही, हे कोणी लिहून ठेवले नाही.

वीरचंद राघवजी गांधी १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस गेले, ते आचार्य आत्मारामजी महाराजांचे प्रतिनिधी म्हणून. साधूंना आचारनियमांमुळे समुद्रप्रवास करता येत नव्हता. जैन दर्शनाची ओळख अमेरिकेला करून देऊन हा तिशीतला तरुण परतला, तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून त्याला संघाबाहेर काढावे, अशी मागणी स्वकीयांतूनच झाली. आत्मारामजी त्याच्या पाठीशी उभे राहिले म्हणून निभावले. आज शिकागोनजीकच्या जैन मंदिरात त्यांचा पुतळा आहे आणि फेटा बांधलेले त्यांचे छायाचित्र अभिमानाने छापले जाते. पुतळ्यात परिषदेचा मान उतरला, घरच्या अंगणातला अपमान उतरला नाही.

पंडित बेचरदास दोशी यांच्यापाशी आत्मारामजींसारखा पाठीराखा नव्हता. आगमसाहित्यात कालांतराने शिरलेल्या विकृतींविषयी त्यांनी १९१९ मध्ये मुंबईत व्याख्यान दिले आणि अहमदाबादच्या संघाने त्यांना बहिष्कृत केले. विद्वान मनुष्य, पोटापाण्याची व्यवस्था संघाच्या संस्थांवर अवलंबून. त्यामुळे बहिष्काराचा अर्थ त्यांच्यासाठी केवळ पंगतीपुरता नव्हता. पुढे गुजरात विद्यापीठात पंडित सुखलालजींसह त्यांनी सन्मतितर्काचे संपादन केले. तो ग्रंथ सिद्धसेन दिवाकरांचा. संघाबाहेर काढलेल्या एका आचार्याचा ग्रंथ संघाबाहेर काढलेल्या दुसऱ्या पंडिताच्या हातून शुद्ध होऊन बाहेर पडला आणि आज तोच संघाच्या ग्रंथभांडारांतून मानाने ठेवलेला असतो.

हे जुने झाले, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्र शासनाला सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा कायदा २०१६ साली करावा लागला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. गुन्हा सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी राज्यभरातून आल्या नसत्या, तर या कायद्याची आवश्यकता भासली नसती. त्यातील एक बारकावा पेठेतील मंडळींनी ध्यानात घेण्याजोगा आहे. धार्मिक विधीस मज्जाव करणे किंवा पंगतीस न बोलावणे एवढ्यावर तो कायदा थांबत नाही. व्यावसायिक व व्यापारी संबंध तोडणे किंवा तोडावयास लावणे हेही त्यात बहिष्कार म्हणूनच मोजले आहे. सात शतकांपूर्वी आळंदीत जे घडले, त्याला कायद्याच्या भाषेत नाव मिळाले.

लहान गावात हे कसे चालते ते दुकानात बसणाऱ्यास सांगावे लागत नाही. कोणी लेखी हुकूम काढीत नाही. एखाद्या घरच्या मुलाने समाजाबाहेर लग्न केलेले असते, किंवा कोणी जाहीर सभेत हिशेब विचारलेला असतो, किंवा एखादी रूढी पाळणार नाही असे म्हटलेले असते. काही दिवसांनी दुकानात चहा पिता पिता कोणी सहज म्हणतो, “शेठ, त्यांच्याकडे जरा सांभाळून.” एवढेच. मग त्या घरची यादी आली, की माल शिल्लक नसतो. उधारीची वही त्यांच्यापुरती मिटते. लग्नपत्रिका पोचायची राहून जाते. दुकानदाराला त्या घराविषयी राग नसतो, बहुधा सहानुभूतीच असते. परंतु त्याला चार गिऱ्हाइके सांभाळायची असतात, मुलीची सोयरीक जमवायची असते, ट्रस्टच्या कार्यकारिणीत त्याचा भाऊ असतो. कुंभारालाही अशीच काही कारणे असतील. विसोबा मोठा असामी होता आणि खापर एकाच मुलीने विकत घेतल्याने कुंभाराचे घर चालणार नव्हते.

याच खानदेशात उलट उदाहरणही आहे आणि ते सांगितले नाही तर पेठेवर अन्याय होईल. अमळनेरचे श्रीमंत प्रताप शेठ हे गिरणीमालक. त्यांनी १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. कापसाच्या व्यापारातून आलेला पैसा त्यांनी प्रश्न विचारणाऱ्या माणसांच्या राहण्याजेवणासाठी, ग्रंथालयासाठी खर्च केला. त्याच अमळनेरात साने गुरुजी शिक्षक होते. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले, तेव्हा त्यांना शिव्याशाप देणारे कमी नव्हते. गुरुजींचे छायाचित्र शाळाशाळांतून आहे. त्यांना त्या काळात घरात ठेवून घेणाऱ्या, पत्रके छापून देणाऱ्या, उधारीवर कागद देणाऱ्या माणसांचे चित्र अर्थातच कोठे नाही.

विसोबाचे पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. पाठीवर भाजलेले मांडे पाहून तो शरमला, त्या भावंडांचे उष्टे त्याने उचलून खाल्ले आणि ज्ञानेश्वरांनी दिलेल्या हाकेवरून चाट्याचा खेचर झाला. नामदेवांचा गुरू म्हणून संतमंडळात त्याला मोठे स्थान मिळाले. छळणाऱ्यालाही सन्मानाने आत घेण्याचे औदार्य वारकरी परंपरेत आहे, हे मान्य करावेच लागते. कुंभाराला मात्र पश्चात्तापाचा प्रसंग मिळाला नाही, कारण त्याने काही अपराध केला असे कोणाला वाटलेच नाही. त्याचे नावही कथेत नाही.

मुक्ताईचे ताटीचे अभंग या दृष्टीने पुन्हा वाचावेत. लोकांच्या बोलण्याने व्यथित झालेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले आणि बहिणीने बाहेरून त्यांना समजावले, हा त्यांचा प्रसंग. चित्रांनी चालती भिंत जपली, शब्दांनी बंद झालेले दार जपले. छळ होताना आत बसलेल्या माणसाला काय वाटते याचा इतका जवळचा पुरावा तेराव्या शतकातून दुसरा क्वचितच मिळेल. आणि तो देणारी मुलगी तीच, जिला खापर मिळाले नव्हते.

जैन चित्रपरंपरेने अशा प्रसंगांना अधिक धीटपणे सामोरे जाणे पसंत केले, असे म्हणण्यास जागा आहे. पंधराव्या शतकातील पश्चिम भारतीय कल्पसूत्राच्या पोथ्या बहुतांशी व्यापारी कुटुंबांनी द्रव्य देऊन लिहविल्या. पोथीच्या अखेरीस त्यांची नावे, कुळे, गावे दिलेली असतात. सोने आणि निळा रंग यांची लयलूट केलेल्या त्या पानांत भगवान महावीरांचे उपसर्गही रंगविले आहेत. ध्यानस्थ उभे महावीर, त्यांच्या दोन्ही कानांत काष्ठशलाका ठोकणारे गोप, पायांशी पेटवलेल्या अग्नीवर रांधला जाणारा पाक. घरात टांगण्यासाठी नव्हे, तर पर्युषणात संघासमोर दाखवण्यासाठी ही पाने होती. त्यामुळे तेथे मंगलाचा आग्रह कमी होता आणि समाज त्याला न कळणाऱ्या माणसाशी कसा वागतो, हे वर्षातून एकदा सर्वांनी मिळून पाहिले जात असे. गोकुळदास कापडिया यांनी काढलेला आणि मुनी यशोविजयजींनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला महावीरचरित्राचा चित्रसंपुट अनेक घरांत आहे. त्यातही उपसर्ग वगळलेले नाहीत.

त्या शलाकांच्या कथेचा उत्तरार्ध व्यापाऱ्याच्या घरी घडतो. महावीर मध्यम पावा नगरीत सिद्धार्थ नावाच्या वणिकाकडे भिक्षेसाठी आले. त्या वेळी सिद्धार्थाचा मित्र, खरक वैद्य, तेथे बसला होता. मुद्रेवरून काही वेदना आहे हे वैद्याने ओळखले. महावीर भिक्षा घेऊन निघून गेले. ते काही मागत नव्हते, तक्रारही करीत नव्हते. सिद्धार्थाला आपल्या कामात लक्ष घालून गप्प बसता आले असते. त्याने वैद्याला बरोबर घेतले, औषधे आणि तेल घेतले आणि दोघे उद्यानात ध्यानस्थ बसलेल्या महावीरांच्या मागे गेले. त्यांना तेलाच्या द्रोणीत बसविले, अंग चोळून शिथिल केले आणि सांडशीने शलाका ओढून काढल्या. बारा वर्षांच्या साधनेत कोणत्याही उपसर्गात न उमटलेली किंकाळी त्या वेळी त्यांच्या मुखातून निघाली, असे चरित्रकार सांगतात. मग सिद्धार्थाने जखमांवर औषध लावले, वंदन केले आणि तो घरी परतला.